अगाथा ख्रिस्ती यांचे गाव आणि तेथील राबती माणसे



कामगार संघटनेचे काम करणारा मनुष्य व्याख्यानमालेत उभा राहिला, की तो महागाईभत्त्यावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे अगाथा ख्रिस्ती हे नाव वाचून आमच्या दोन-तीन मित्रांनी, ही छपाईची चूक आहे काय, अशी चौकशी केली. चूक नाही. विषय आम्हीच मागून घेतला आहे, आणि तो का मागून घेतला हे प्रथम सांगितले पाहिजे.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. त्यापुढे कारखान्याचे फाटक ओलांडले ते ओलांडलेच. नंतर जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या कपाटांतून, पाळी सांभाळून. त्या कपाटांत मधुकर तोरडमल यांनी मराठीत आणलेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्या होत्या. प्रथम त्या आम्ही करमणूक म्हणून वाचल्या. खून कोणी केला, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नसे आणि कळल्यावर आपल्याला आधी कसे कळले नाही, याची चुटपुट लागे. पुढे शब्दकोश जवळ घेऊन मूळ इंग्रजीतून वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या बाईंच्या पुस्तकांतले कोडे बहुतेक वेळा विषाचे किंवा बंदुकीचे नसते. घरातली माणसे कोणाकडे पाहतात आणि कोणाकडे पाहत नाहीत, याचे ते कोडे असते. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो बहुधा चहाचा ट्रे घेऊन आलेला असतो. ही दृष्टी त्यांना कोठून मिळाली, आणि तिच्यात एका समाजाचा इतिहास कसा साठून राहिला, एवढेच आज मांडावयाचे आहे. एक आश्वासन देतो: कोणत्याही पुस्तकातील गुन्हेगाराचे नाव आम्ही येथे फोडणार नाही.

अगाथाबाईंचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी झाला. हवापालटासाठी सुखवस्तू लोक जेथे येऊन राहत, असे हे समुद्रकाठचे गाव. वडील फ्रेडरिक मिलर हे अमेरिकन. वडिलोपार्जित गुंतवणुकीच्या उत्पन्नावर त्यांचे घर चाले. नोकरी अशी त्यांनी केली नाही. घराचे नाव ॲशफील्ड. आईचे मत असे होते, की आठ वर्षांची होईपर्यंत मुलीने वाचावयास शिकू नये. मुलीने ते मानले नाही. वाचून दाखवलेल्या गोष्टींच्या पुस्तकांवरून अक्षरे ओळखत ती पाच वर्षांची असतानाच आपली आपण वाचू लागली. धाकटेपणी त्या रीतसर शाळेत गेल्याच नाहीत. पुढे थोडेफार वर्ग झाले आणि पॅरिसमध्ये काही काळ गेला, तरी मुख्य शिक्षण घरच्या कपाटातलेच. आमच्यासारख्याला ही गोष्ट जवळची वाटावी, यात नवल नाही. परंतु फरकही सांगितला पाहिजे: त्यांच्या कपाटापुढे बसण्यास त्यांना दिवसभर वेळ होता, कारण घरचे काम दुसरे कोणीतरी करीत होते.

ते दुसरे कोणी म्हणजे दाई, स्वयंपाकीण जेन आणि वरकामाच्या मोलकरणी. आत्मचरित्रात अगाथाबाईंनी या माणसांविषयी पुष्कळ लिहिले आहे. ती आपल्या कामात तरबेज होती, त्यांना आपल्या कौशल्याचा अभिमान होता आणि मुलांनी त्यांच्याशी उर्मटपणे बोलणे घरात खपत नसे, असे त्या सांगतात. १९०१ साली वडील वारले. उत्पन्न आधीच आटत चालले होते. आता घर विकावे की काय असा प्रश्न पडला. तरीही नोकर ठेवणे सुटले नाही. पुढे १९१९ च्या सुमारास त्यांचा स्वतःचा नवा संसार बेताच्या मिळकतीत चालला होता, तेव्हाही घरात एक मोलकरीण आणि मुलीसाठी एक दाई होती. मोटार घेण्याचा विचार मात्र मनाला शिवत नव्हता, कारण मोटार ही श्रीमंतांची वस्तू. यंत्र महाग आणि माणूस स्वस्त, असा तो काळ होता. हे एक वाक्य ध्यानात ठेवले, तर त्यांच्या पुस्तकांतल्या घरांचा अर्धा हिशेब उलगडतो.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यांनी आर्चिबाल्ड ख्रिस्ती या वैमानिक अधिकाऱ्याशी लग्न केले. या गृहस्थांचा जन्म आपल्या तेव्हाच्या हिंदुस्थानात, पेशावरचा. नवरा फ्रान्समध्ये लढाईवर आणि बायको टॉर्कीच्या इस्पितळात, असा संसार सुरू झाला. टॉर्कीच्या टाउन हॉलमध्येच जखमी सैनिकांसाठी इस्पितळ उघडले होते. तेथे ऑक्टोबर १९१४ पासून डिसेंबर १९१६ पर्यंत अगाथाबाईंनी ३,४०० तास काम केले, तेही विनावेतन. ही नोंद रेड क्रॉसच्या दप्तरात आहे. जमीन पुसण्यापासून शस्त्रक्रियेनंतरची खोली साफ करण्यापर्यंत सर्व कामे त्यांच्या वाट्याला आली. जी मुलगी घरात मोलकरणीच्या हातचा चहा घेत वाढली, ती आता स्वतः बादली उचलू लागली आणि डॉक्टरांच्या हुकमाची वाट पाहत भिंतीशी उभी राहू लागली. खोलीत असूनही नसल्यासारखे राहणे म्हणजे काय, हे त्यांना तेथे कळले असावे, असा आमचा तर्क आहे.

पुढे त्या इस्पितळाच्या औषधखोलीत गेल्या. आपल्याकडे ज्यास कंपाउंडर म्हणतात, ते हे काम. १९१७ साली त्यांनी त्याची परीक्षा दिली. पगार वर्षाला १६ पौंड. शिकवणी घेण्यासाठी त्या गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे जात. हा गृहस्थ खिशात क्युरारे नावाच्या जहाल विषाचा खडा बाळगी, आणि का, असे विचारता, त्यामुळे आपल्याला सामर्थ्य असल्यासारखे वाटते, असे सांगे. एकदा त्याने औषधाच्या प्रमाणात दशांश चिन्हाची चूक केली. शिकाऊ मुलीने ती ओळखली; पण एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर चूक कशी सांगावी? तिने ठेच लागल्याचे निमित्त केले, तो ट्रे खाली पाडला आणि गोळ्या पायाखाली चुरडल्या. कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. वरच्याची चूक दिसते, बोलण्याची सोय नसते, म्हणून मनुष्य आडमार्ग धरतो. तो औषधविक्रेता अगाथाबाईंच्या मनातून गेला नाही. १९६१ साली आलेल्या 'द पेल हॉर्स' या कादंबरीच्या मुळाशी त्याचीच आठवण आहे.

औषधखोलीत कधी कामाची झुंबड उडे, तर कधी दुपारच्या दुपार रिकामी जाई. चारी बाजूंनी विषांच्या बाटल्या आणि हातात वेळ. थोरली बहीण मॅज हिने पूर्वी एकदा, तुला डिटेक्टिव्ह गोष्ट लिहिता येणार नाही, असे डिवचले होते. ती गोष्ट त्यांनी १९१६ साली लिहिली. शेवटचा भाग डार्टमूरच्या माळावरील एका हॉटेलात पंधरवडाभर एकटे राहून पुरा केला. 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' हे तिचे नाव. तिच्यातले विष स्ट्रिक्नीन, आणि ते इतके बिनचूक हाताळलेले, की पुढे औषधशास्त्राच्या नियतकालिकाने त्याबद्दल शाबासकी दिली. गुप्तहेर कसा असावा, हा प्रश्न होता. जर्मन सैन्य बेल्जममध्ये शिरल्यावर सुमारे अडीच लाख बेल्जियन निर्वासित इंग्लंडात आले होते, आणि काही टॉर्कीच्या परिसरातही राहत होते. त्यांच्यावरून हर्क्यूल प्वारो जन्मास आला: घरदार सोडून परक्यांच्या आश्रयाला आलेला, निवृत्त पोलीस अधिकारी. इंग्रज लोक त्याच्या मिशांना आणि उच्चारांना हसतात आणि त्याच्यासमोर नको ते बोलून जातात. हा प्वारो पहिल्याच पुस्तकात सर्वांत आदराने कोणाशी बोलतो, तर डॉर्कस नावाच्या जुन्या मोलकरणीशी. तिला तो नीट बसवून विचारतो, आणि तिच्या सांगण्यातूनच त्याला पुढचा धागा मिळतो.

आता थोडे आमच्या धंद्याचे. या पुस्तकाला अनेक प्रकाशकांनी नकार दिला. 'बॉडली हेड'च्या जॉन लेन यांनी ते बराच काळ ठेवून घेतले, शेवटचे प्रकरण बदलावयास सांगितले आणि मग करार पुढे केला. पहिल्या २,००० प्रती खपेपर्यंत रॉयल्टी नाही, आणि पुढची पाच पुस्तके याच प्रकाशकाला द्यावयाची, अशी त्यात अट होती. आनंदाच्या भरात बाईंनी धड न वाचता सही केली. पुस्तक १९२० साली अमेरिकेत आणि १९२१ च्या जानेवारीत इंग्लंडात निघाले. त्यांच्या हाती आले ते साप्ताहिकातील क्रमशः प्रकाशनाच्या हक्कातले २५ पौंड. लेखक हाही हाताने काम करून पोट भरणारा मनुष्य आहे, आणि करार न वाचता सही करणारा कामगार व लेखक यांची गत एकच होते. बाई मात्र शहाण्या झाल्या. त्यांनी एडमंड कॉर्क हा मध्यस्थ नेमला, पाच पुस्तके मोजून पुरी केली आणि 'कॉलिन्स' या प्रकाशकाकडे गेल्या. १९२६ साली 'द मर्डर ऑफ रॉजर अक्रॉइड' त्यांनीच काढली.

१९२६ हे वर्ष कीर्तीचे आणि दुःखाचेही. एप्रिलात आई गेली. ॲशफील्डमधले सामान आवरता आवरता त्या खचून गेल्या, आणि त्यातच पतीने, दुसऱ्या स्त्रीशी लग्न करावयाचे आहे, घटस्फोट द्या, असे सांगितले. ३ डिसेंबरला त्या मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. मोटार सापडली, त्या सापडेनात. पोलीस आणि हजारो लोक शोध घेत राहिले, वृत्तपत्रांनी रकाने भरले. ११ दिवसांनी, १४ डिसेंबरला, हॅरोगेट येथील हॉटेलात त्या सापडल्या. तेथे त्या दुसऱ्याच नावाने राहत होत्या, आणि ते आडनाव पतीच्या मैत्रिणीचे होते. त्यांना ओळखले कोणी? हॉटेलातल्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांनी. बाकीचे पाहुणे वाद्ये वाजवणाऱ्यांकडे पाहत नव्हते. वाजवणारे मात्र पाहुण्यांकडे पाहत होते. या प्रकरणाविषयी बाईंनी आत्मचरित्रात अवाक्षर लिहिलेले नाही, म्हणून आम्हीही अधिक तर्क करीत नाही.

त्यानंतरची एक गोष्ट मात्र त्यांनी मोकळेपणाने सांगितली आहे. १९२७ च्या आरंभी लहान मुलीला घेऊन त्या कॅनरी बेटांवर गेल्या आणि तेथे 'द मिस्ट्री ऑफ द ब्लू ट्रेन' ही कादंबरी नेटाने पुरी केली. मन ठिकाणावर नव्हते, कादंबरी आवडत नव्हती, लिहिण्याची इच्छा नव्हती. पण पैशाची गरज होती. आपण हौशी लेखकाचे धंदेवाईक लेखक झालो ते त्या वेळी, असे त्या म्हणतात. इच्छा नसताना, अंगात बळ नसतानाही काम हातावेगळे करणे, हा धंद्याचा अर्थ. दररोज सकाळी सातच्या भोंग्याला हजर होणाऱ्या माणसाला ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही.

त्यांच्या लेखनाची रीतही कष्टकऱ्याच्या रीतीसारखीच साधी. लिहिण्याची वेगळी खोली पुष्कळ वर्षे नव्हतीच. एक न डगमगणारे टेबल आणि एक टाइपरायटर पुरे. शयनगृहातले संगमरवरी फळीचे मेज, नाहीतर दोन जेवणांच्या मधल्या वेळी जेवणाचे टेबल, हीच त्यांची बैठक. टिपणे शाळकरी वह्यांत. त्यांतल्या ७३ वह्या राहिल्या. जॉन करन यांनी त्या वाचून २००९ साली त्यांवर पुस्तक लिहिले. एका पानावर खुनाची योजना, तर दुसऱ्या पानावर बाजारहाटाची यादी, असा त्यांचा थाट आहे. सरकारी कागदावर धंदा लिहावयाची वेळ आली, की त्या 'विवाहित स्त्री' असे लिहीत. या रीतीने त्यांनी ६६ रहस्यकादंबऱ्या आणि १४ कथासंग्रह लिहिले.

त्यांच्या गोष्टींतली स्थळे कोठून आली? आली ती पाहिलेल्या जागांतून. टॉर्कीचे मोठे हॉटेल नाव बदलून येते. डेव्हनच्या किनाऱ्याजवळचे बर्ग बेट दोन कादंबऱ्यांत येते. १९३८ साली त्यांनी नदीकाठचे ग्रीनवे हे घर ६,००० पौंडांना घेतले. ते, त्याच्या काठावरच्या नावघरासकट, 'डेड मॅन्स फॉली' या १९५६ च्या कादंबरीत उतरले. १९३० साली त्यांनी पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी विवाह केला आणि मग कित्येक हिवाळे इराक व सीरियातल्या उत्खननांवर घालवले. तेथे त्या मजुरांची हजेरी, रोजची मजुरी आणि सापडलेल्या वस्तूमागे मिळणारी बक्षिशी यांच्याकडे लक्ष ठेवून असत, हे त्यांच्या १९४६ सालच्या प्रवासपुस्तकावरून दिसते. निमरूद येथे सापडलेल्या हस्तिदंती वस्तू त्यांनी विणकामाची बारीक सुई आणि तोंडाला लावण्याचे क्रीम वापरून स्वतः साफ केल्या. आत्मचरित्राला आरंभ झाला तोही निमरूदलाच, १९५० साली, पन्नास पौंडांत बांधून घेतलेल्या एका खोलीत.

परंतु त्यांचे खरे गाव म्हणजे सेंट मेरी मीड. नकाशावर ते नाही. एक चर्च, पाद्रीसाहेबांचा बंगला, टपाल कचेरी, डॉक्टर, निवृत्त कर्नल, चार-पाच वृद्ध कुमारिका आणि त्यांतल्या एक मिस मार्पल. मिस मार्पल १९२७ च्या अखेरीस एका लघुकथेत आणि १९३० साली 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' या कादंबरीत अवतरल्या. त्यांच्यात अगाथाबाईंची ईलिंगची आजी आणि तिच्या मैत्रिणी आहेत. ही आजी स्वभावाने आनंदी, पण प्रत्येक माणसाबद्दल वाईटातले वाईट धरून चालणारी, आणि बहुतेक वेळा खरी ठरणारी. मार्पलआजी विणकाम करीत कोपऱ्यात बसतात आणि गावात पूर्वी घडलेल्या बारीकसारीक गोष्टींवरून खुनाचा उलगडा करतात. म्हातारी म्हणून त्यांच्याकडेही कोणी पाहत नाही. न पाहिल्या गेलेल्या माणसाला बाकीची न पाहिलेली माणसे दिसतात, हे त्यांचे बळ.

आता मुद्द्यावर येतो. अगाथाबाईंच्या एका नव्हे, अनेक पुस्तकांत असे घडते, की मनुष्य वाढप्याचा किंवा नोकराचा पोशाख घालून भरल्या खोलीत वावरतो, आणि नंतर साक्ष देताना कोणालाही त्याचा चेहरा आठवत नाही. पुस्तकांची नावे आम्ही मुद्दाम सांगत नाही. वाचक हे वाचून चकित होतो, पण त्यात हातचलाखी काही नाही. त्या समाजाची ती रोजची सवयच होती. १९३१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समध्ये तेरा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. १९२० साली बेकारीच्या विम्याचा कायदा विस्तृत केला, तेव्हा शेतमजुरांबरोबर घरगुती नोकरांनाही त्यातून वगळले. तिकडच्या मजूर संघांच्या काँग्रेसने त्यांच्यासाठी स्वतंत्र संघटना काढली ती १९३८ साली. म्हणजे मालकाला ती माणसे दिसत नव्हती, सरकारला दिसत नव्हती, आणि आम्हां संघटनावाल्यांनाही फार उशिरा दिसली.

दोन उदाहरणे पाहावीत. 'द मूव्हिंग फिंगर' या युद्धकाळातील कादंबरीत ॲग्नेस नावाची मोलकरीण आहे. तिच्या मनाला काही खटकले आहे आणि कोणाला तरी विचारावे असे तिला वाटते. ती पूर्वी आपल्याबरोबर काम केलेल्या दुसऱ्या घरच्या बाईला टेलिफोन करते. त्या घरी चर्चा होते ती तिच्या अडचणीची नव्हे, तर नोकराने नोकराला मालकाच्या टेलिफोनवर बोलावणे शोभते काय, याची. ॲग्नेस ठरल्या वेळी चहाला येत नाही. पुढे तिचे प्रेतच सापडते.

दुसरे उदाहरण १९५३ सालच्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय' या कादंबरीचे. एक धनाढ्य व्यापारी विष देऊन मारला जातो आणि सारे पोलीसखाते हलते. त्याच घरातली ग्लॅडिस ही साधीभोळी मुलगी कपडे वाळत घालण्याच्या दोरीजवळ गळा आवळून मारलेली सापडते, आणि तिच्या नाकाला कोणी कपड्यांचा चिमटा लावून ठेवलेला असतो. अनाथाश्रमातल्या या मुलीला घरकाम मार्पलआजींनीच शिकवले होते. वर्तमानपत्रात बातमी वाचून त्या आपण होऊन त्या घरी जातात. व्यापाऱ्याशी त्यांना कर्तव्य नसते. मेलेल्या मुलीच्या नाकाला चिमटा लावून तिची थट्टा केली, याचा त्यांना संताप आलेला असतो. सर्व उलगडल्यावर त्या घरी परततात, तेव्हा ग्लॅडिसचे एक पत्र त्यांची वाट पाहत पडलेले असते. तिने मदत मागितली होती; पत्र वेळेवर हाती पडले नाही.

हे पान वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. त्याचे कारण सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. सुमारे तीस वर्षांमागे एका कारखान्यात तांब्याची तार चोरीस गेली आणि स्टोअरमधल्या एका कामगारावर आळ आला. खातेचौकशीत त्याच्या बाजूने आम्ही उभे राहिलो. आम्ही वॉचमनला विचारले, सुपरवायझरला विचारले, ट्रकच्या नोंदवहीची पाने मागितली. काही सिद्ध करता आले नाही. तो बडतर्फ झाला, आणि पुढे कोर्टात थोड्या पैशांवर तडजोड झाली. दोन वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नात, कारखान्यात झाडलोट करणारी कंत्राटी बाई पंगतीत भेटली. बोलता बोलता तिने सांगितले, की त्या पहाटे फाटकापाशी कोण कोण होते आणि ट्रकमध्ये काय चढवले, हे तिने पाहिले होते. आम्ही म्हणालो, "मावशी, मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?" ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही तरी मला कुठं विचारलंत? मी तिथंच तर झाडत होते." मालकाने तिला विचारले नाही, यात नवल नव्हते. ती आमच्या सभासदांच्या यादीत नव्हती, म्हणून आम्हीही विचारले नाही. त्या चुकीची भरपाई त्या कामगाराला आम्ही देऊ शकलो नाही.

अगाथाबाईंचे आणखी एक काम याच जातीचे आहे. १९४५ साली इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, सरकारी व्यवस्थेने एका शेतकऱ्याच्या घरी ठेवलेला बारा वर्षांचा मुलगा उपासमार आणि मारहाण सोसून मेला. साऱ्या देशात खळबळ उडाली, चौकशी झाली, आणि पुढे १९४८ साली मुलांच्या संगोपनाचा नवा कायदा आला. त्या प्रकरणावरून सुचलेली नभोनाटिका त्यांनी १९४७ साली लिहिली, आणि तिचेच पुढे 'द माउसट्रॅप' हे नाटक झाले. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी ते लंडनच्या रंगभूमीवर आले. २०२० साली साथीच्या रोगामुळे पडलेला खंड सोडला, तर ते अखंड चालत आले आहे. लोक हौसेने जातात, खुनी कोण ते ओळखतात किंवा ओळखत नाहीत. त्याच्या मुळाशी ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही असे एक पोर आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ते जुने गाव मोडले, आणि बाईंनी ते मोडणेही टिपून ठेवले. १९५० सालच्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये रेशनकार्डे आहेत, लोण्याची चोरटी देवघेव आहे, आणि स्वयंपाकीण म्हणून युरोपातून आलेली एक निर्वासित बाई आहे. शेजारी कोण राहतो हे आता कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, असे मार्पलआजी म्हणतात. १९५७ सालच्या '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'मध्ये लूसी आयल्सबॅरो येते. ऑक्सफर्डला गणितात पहिला वर्ग मिळवलेली ही मुलगी बाजार पाहते: कुशल घरकामाची टंचाई आहे. ती तोच धंदा करते, भरपूर मेहनताना आपल्या अटींवर घेते आणि एका घरी फार दिवस राहत नाही. तुटवडा पडल्यावर श्रमाला किंमत येते, हा अर्थशास्त्राचा धडा इतका खेळकरपणे दुसरीकडे वाचल्याचे आम्हांस आठवत नाही. १९६२ च्या 'द मिरर क्रॅक्ड'मध्ये तर सेंट मेरी मीडच्या कडेला नव्या घरांची वसाहत उभी राहिली आहे, आणि तिथली चेरी नावाची तरुण विवाहिता ठरल्या तासांपुरती मार्पलआजींकडे कामाला येते. ती हसतमुख आहे, पण कोणाच्या ताब्यातली नाही. बाईंना जुन्या दिवसांची हळहळ वाटते, तरी मार्पलआजी त्या वसाहतीत फिरून येतात आणि नवी माणसे जुन्यांसारखीच आहेत, असे स्वतःशी कबूल करतात.

कोणी असा समज करून घेऊ नये, की आम्ही अगाथाबाईंना कामगार चळवळीत ओढत आहोत. त्या आमच्या बाजूच्या नव्हत्या. त्यांच्या कित्येक मोलकरणी नुसत्या मंद आणि तोंड वासून उभ्या राहणाऱ्या आहेत. साम्यवादी तरुण दिसला की त्याची टर उडवलेली असते. ज्यूंविषयी व परक्यांविषयी टोचणारे शेरे सुरुवातीच्या पुस्तकांत आढळतात. १९३९ च्या त्यांच्या एका सुप्रसिद्ध कादंबरीच्या मूळ नावात काळ्या लोकांना हिणवणारा शब्द होता. अमेरिकेत १९४० सालीच नाव बदलून पुस्तक काढावे लागले. इंग्लंडात मात्र ते जुने नाव कित्येक वर्षे चालू राहिले. त्या आपल्या वर्गाच्या होत्या आणि त्या वर्गाचे आंधळेपण त्यांच्यातही होते. परंतु पाहणाऱ्याची नजर प्रामाणिक असली, की तो आपल्या मतांपेक्षा अधिक लिहून जातो. आपल्या लोकांना काय दिसत नाही हे त्यांनी ओळखले, आणि त्यावर गोष्टी रचल्या. त्या गोष्टी म्हणजे त्या वर्गाने नकळत दिलेली कबुली आहे.

त्यांच्या अखेरच्या काळातली एक गंमत सांगतो. करांच्या गुंत्यातून सुटण्यासाठी १९५५ साली 'अगाथा ख्रिस्ती लिमिटेड' ही कंपनी काढली, पुढच्या पुस्तकांचे हक्क तिला दिले, आणि बाई त्या कंपनीच्या पगारी नोकर झाल्या. वर्षाला १६ पौंड मिळवणाऱ्या कंपाउंडरपासून आरंभ झाला आणि आपल्याच नावाच्या कंपनीच्या पगारपत्रकावर शेवट. १९७१ साली त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. १२ जानेवारी १९७६ रोजी वॉलिंगफर्डजवळच्या घरी त्या वारल्या.

श्रोतेहो, आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायदा होणे आणि माणूस दिसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही आमच्या चुकीवरून शिकलो. आज रात्री आपण घरी जाल, उद्या सकाळी घंटा वाजेल आणि भांडी घासणारी बाई दारात उभी राहील. तिचे नाव आपल्याला ठाऊक असेल; आडनाव, गाव, मुले किती, पाठ दुखते की नाही, हे ठाऊक आहे काय, एवढे स्वतःस विचारून पाहावे. तिला मात्र आपल्याविषयी हे सर्व ठाऊक असते. नंतर अगाथाबाईंचे एखादे पुस्तक पुन्हा उघडावे, आणि ट्रे घेऊन कोण आत आले, तिकडे या वेळी नीट लक्ष द्यावे. खुनी सापडेलच असे नाही. पण एक माणूस नक्की सापडेल.